‘सुटली’ असं कळवणाऱ्या वासिंदच्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर आजही ‘वासिंद लेडीज’ या नावानेच आहे. सहा वर्षं झाली, खरं नाव विचारायचं राहूनच गेलं. ३१ तारखेला संध्याकाळी तुमचा निरोप आला, ‘आज रिटायर झाले. उद्यापासून गाडीचं सांगायला मी नसेन. सांभाळून घ्या.’ तेव्हा मी भांडुपच्या पुलावर होतो. माणसं धक्के मारत पुढे जात होती आणि मी कठड्याला टेकून तेच चार शब्द पुन्हा पुन्हा वाचत होतो. सांभाळून घ्या म्हणे! सहा वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळलंत.

दोन ओळींत आभार मानायला बसलो, ते जमेना. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमच्या निरोपावर भरवसा ठेवून घरातून निघालेली शेकडो माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. त्यांनाही हे कळायला हवं.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही चार मित्र मध्य रेल्वेच्या लोकलची खबर पाठवतो. गाडी कुठे अडकली, किती वेळ, स्लो की फास्ट, अप की डाउन, हे गाडीतले प्रवासीच आम्हाला कळवतात. दोन वेगवेगळ्या डब्यांतून एकच गोष्ट आली की आम्ही ती सगळ्यांना धाडतो. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, म्हणून यादीमागून यादी करत गेलो. पैसे घेत नाही, कधी घेणारही नाही.

सुरुवातीला वाटायचं, चांगलं काम आहे, मदत मिळेल. ज्या कार्यालयात ही माहिती सगळ्यात आधी पोहोचते तिथे आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्या दोन खेपांना ‘अर्ज ठेवून जा’ झालं, तिसऱ्या खेपेला अर्जच सापडत नव्हता. टेबलामागच्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मग ॲप बनवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीने चाळीस हजार आगाऊ घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. ते पैसे आम्ही चौघांनी बोनसमधून काढले होते. आमचे निरोप जसेच्या तसे उचलून स्वतःच्या नावाने ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरवणारेही कमी नाहीत. सगळ्यांवरचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

पण आमच्या कामातली खरी खोट या लोकांमुळे नव्हती. ती आम्हालाच दिसली नव्हती. गाडी थांबली की फोन खणखणतो. पाच मिनिटांत वीस निरोप येतात, फोटो येतात, शिव्या येतात. गाडी सुटली की सगळं गप्प. चाकं फिरली की माणूस दाराकडे सरकतो, ऑफिसला फोन लावतो, मोकळा श्वास घेतो. त्याची कटकट संपलेली असते. आणि आमच्या याद्यांवर मात्र ‘वाहतूक ठप्प’ हे दोन शब्द तासन्‌तास तसेच पडून राहायचे. गाड्या धावत असायच्या आणि आमचा निरोप वाचून लोक घरी परतत असायचे.

असाच एक मुलगा बदलापूर स्टेशनवरून मागे फिरला. कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा होती, ती बुडाली. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘गाड्या दहालाच सुरू झाल्या होत्या हो.’ मला तोंड वर काढायला जागा उरली नाही. त्या रात्री आम्ही चौघांनी ठरवलं की महिनाअखेर हे बंद करायचं. लोकांचं भलं करायला निघालो आणि एका पोराचं नुकसान करून बसलो.

त्यानंतरच्याच आठवड्यातला तो मंगळवार, ताई. चार वर्षांपूर्वीचा जुलै. रात्रभर पाऊस कोसळला होता. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी चढलं. पाणी चढलं की पॉइंटच्या, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्यांच्या मोटारी बंद पडतात, सिग्नल लाल होतात, आणि गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांच्या अंतराने येणाऱ्या गाड्या एकीमागे एक उभ्या राहत थेट दिव्यापर्यंत रांग लागते. तुमची कसाऱ्याहून आलेली फास्ट मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये अडकली होती. ‘थांबली’ हे तुम्ही कळवलंच होतं. मग तासाभराने, दहा वाजून बारा मिनिटांनी, तुमच्या नंबरवरून हा निरोप आला. मी तो पुसलेला नाही. जसाच्या तसा देतो:

‘मी ताईंच्या फोनवरून लिहिते आहे. ताईंना हात हलवता येत नाहीये खूप गर्दी आहे. त्यांनी पर्समधून फोन काढायला सांगितला. गाडी सुटली असं कळवा म्हणाल्या. सावकाश जाते आहे पण जाते आहे. कळवा आलं.’

एक हात वरच्या कडीला, दुसरा डब्याच्या पिशवीसह दोन बायकांच्या मध्ये अडकलेला. तास-सव्वा तास उभ्याने, पंख्याला वारा नाही, पुढे दादरला उतरून परळची स्लो पकडायची, आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लेटमार्क ठरलेला. तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा जाते, हे तुम्हीच एकदा लिहिलं होतं. त्या अवस्थेत तुम्ही शेजारच्या अनोळखी मुलीला स्वतःची पर्स उघडायला सांगितलीत. मुंबईच्या गर्दीत बाई आपली पर्स कशी छातीशी धरते हे कुणाला सांगायला हवं का? ती तुम्ही उघडायला दिलीत, कशासाठी, तर मागे कल्याण-डोंबिवलीला फलाटावर उभ्या असलेल्या, तुमच्या कुणीही नसलेल्या माणसांना कळावं म्हणून की गाडी हलली आहे.

आमचा नियम दोन डब्यांचा. त्या दिवशी मी तो मोडला आणि तुमच्या एकाच निरोपावर सगळ्या याद्यांना कळवलं, ‘सुटली’. पंधरा मिनिटांत डोंबिवलीहून एकाने लिहिलं की तो रिक्षाच्या रांगेतून परत फलाटावर आलाय. महिनाअखेरीला हे काम बंद करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर आम्ही तो निरोप सगळ्यांना वाचायला दिला आणि एकच विनंती केली, थांबली सांगता तसं सुटलीही सांगा. लोक सांगू लागले. हळूहळू का होईना, सांगू लागले. आज आमच्याकडे ‘सुटली’चे निरोप ‘थांबली’पेक्षा थोडेच कमी असतात.

मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, दर वेळी आठवणीने कसं कळवता? तुमचं उत्तर, ‘मागच्या गाडीत कुणीतरी असतंच ना.’ पुढे लगेच तुम्ही विचारलं होतं की मुलुंडला पाऊस आहे का, कारण छत्री घरी राहिली होती.

तुमचं ते वाक्य वाचून मला २६ जुलै २००५ आठवला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. बाबा दादरहून भांडुपला पायी निघाले होते आणि आम्हाला काहीच पत्ता नव्हता. आई गॅलरीत उभी, मी चौदा वर्षांचा. रात्री नऊच्या सुमारास आमच्या लँडलाइनवर एका बाईंचा फोन आला. ‘तुमचे मिस्टर सायनला आमच्या चाळीत चहा घेऊन पुढे निघालेत. बरे आहेत, काळजी करू नका.’ बाबांनी त्यांना नंबर दिला होता, पण त्यांचा फोन तेव्हा लागत नव्हता. बाबा निघून गेल्यावरही त्या बाई प्रयत्न करत राहिल्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आई त्यानंतरच खाली बसली. बाबा पहाटे पोहोचले. त्या रात्री अशा कितीतरी घरांनी रस्त्यावरच्या माणसांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, झोपायला जागा दिली. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजारावर माणसं गाडीत होती, तेव्हाही आसपासचे गावकरी मदतीला धावले. अशा माणसांचा या शहराला किती आधार आहे, ताई! आणि तुम्ही तर पूर नसलेल्या दिवशीही तेच करत आलात. साध्या सोमवारी, साध्या सिग्नल बिघाडात.

हे काम छोटं आहे असं तुम्ही म्हणाल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, जीव गेले. ती बातमी आली तेव्हा मी सगळ्यात आधी तुम्हाला मेसेज केला होता, आठवतंय? मागची गाडी येते आहे, हे खात्रीने कळलं तर एखादा तरी माणूस भरलेल्या गाडीला लटकणार नाही, थांबेल. म्हणून मला तुमचे ते तीन अक्षरांचे निरोप कधीच छोटे वाटले नाहीत.

त्या दिवशी तुमचा फोन हातात घेऊन लिहिणारी मुलगी आता आमच्यासाठी खबर पाठवते, हे तुम्हाला माहीत आहे का? तिनेच मला परवा सांगितलं की तुम्ही गाडीत रोज मटकी निवडत बसायचात आणि तिघींच्या बाकावर चौथी म्हणून कुणाला टेकायला जागा हवी असली तर आधी तुम्हीच सरकायचात.

आईला तुम्हाला भेटायचंय. तिने तिळाच्या लाडवांचा डबा भरून ठेवलाय. रविवारी बहुतेक मेगाब्लॉक असेल, म्हणून आम्ही दोघं शनिवारी वासिंदला येतो. पत्ता तेवढा कळवा. आणि नावही.

तुमचा,
भांडुपहून निरोप पाठवणारा