दोनशेची रांग नको, पंचवीसची तुकडी हवी

महोदय,

आषाढ जवळ आला की पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमण मोहिमांची निवेदने आपल्या अंकात दिसू लागतात. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवराय पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे ज्या वाटेने निघाले, ती ऐन पावसात पायी चालावी असे इतक्या तरुणांना वाटते, याचे मोल मोठे आहे. पण त्या निवेदनांत शुल्क, निघण्याची वेळ, जेवणाची सोय सगळे असते. रांग कशी चालवणार, एवढेच नसते. या वाटेवर माणसे अडचणीत येतात ती बहुधा त्याचमुळे.

सुमारे पन्नास किलोमीटरची ही वाट दोन दिवसांत होते. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी करत पहिला मुक्काम बहुतेकांचा करपेवाडीच्या आसपास पडतो. पठारापर्यंत दोनशे माणसे एकत्र चालली तरी फारसे अडत नाही. पुढे पायवाट एकेरी होते आणि हिशेब बदलतो. गुडघ्याखाली पाणी असलेला ओढा जपून ओलांडायला माणशी दहा सेकंद धरा. दोनशे जणांना दोन हजार सेकंद लागतात, म्हणजे ३३ मिनिटे. पुढच्यांनी थांबून सगळ्यांना गोळा करायचे म्हटले, तर प्रत्येक ओढ्याला पुन्हा अर्धा तास जातो आणि भिजलेली माणसे उभ्या उभ्या गारठतात. न थांबता पुढे गेले, तर रांगेचे दोन तुकडे झालेच म्हणून समजा. जुलैत ढग उतरलेले असले की झाडीत साडेसहालाच अंधारते, आणि मागे राहिलेले नेमके त्या वेळी रानात असतात.

चुकामूक होते ती फाट्यावर. पुढच्या माणसापासून पन्नास पावले अंतर पडले की धुक्यात तो दिसत नाही. मग मागचा पायाखाली बघून वाट ठरवतो. गुरांची वाट खुरांनी तुडवून रुंद झालेली असते आणि खरी पायवाट तिच्यापुढे बारीक दिसते, म्हणून नवखा माणूस गुरांच्याच वाटेला लागतो. मसाई पठारावर याच्या उलट. तिथे जांभ्यावर पाऊलच उमटत नाही आणि चारही बाजूंना सारखेच सपाट.

म्हणून पंचवीस जणांची एक तुकडी, आणि दोन तुकड्यांच्या निघण्यात पंधरा मिनिटांचे अंतर. पंचवीस माणसे तोच ओढा चार-सव्वाचार मिनिटांत ओलांडतात. वारीत लाखो माणूस चालतो तो दिंडी-दिंडीने चालतो, आपली दिंडी कुठली हे प्रत्येकाला ठाऊक असते. पदभ्रमणाला याहून वेगळी शिस्त शोधायची गरज नाही.

तुकडीत आघाडीला एक आणि पिछाडीला एक, असे वाट माहीत असलेले दोघे हवेत. आघाडीच्याने प्रत्येक फाट्यावर पिछाडीचा माणूस नजरेला पडेपर्यंत थांबायचे. हळू चालणाऱ्यांना मागे ठेवण्याची चूक तर सर्रास होते. ते विसाव्याच्या जागी पोहोचतात तेव्हा पुढचे उठून चालू लागलेले असतात, म्हणजे ज्यांना विसावा हवा त्यांनाच तो मिळत नाही. त्यांना आघाडीच्या पाठोपाठ ठेवले की अख्ख्या तुकडीचा वेग आपोआप बसतो. पिछाडीच्या मागे कोणीही राहता कामा नये. आडोशाला जाणाऱ्याने पाठपिशवी वाटेच्या कडेला ठेवून जावे. ती दिसली की पिछाडीचा तिथेच थांबतो.

मोजणीही डोकी मोजून करू नये. धुक्यात, पावसात, टोप्यांच्या गर्दीत एखादा दोनदा मोजला जातो. निघतानाच प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक वाडीत तो मोठ्याने म्हणवून घ्यावा. अठरानंतर एकदम वीस ऐकू आला की कोण नाही हे त्याच क्षणी नावानिशी कळते.

ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर वर पाऊस कोसळला आहे असे समजून काठावरच थांबावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नये, ओसरण्याची वाट बघावी. आधाराचा दोर काटकोनात न बांधता प्रवाहाच्या दिशेला तिरका बांधावा, म्हणजे पाणी माणसाला पलीकडच्या काठाकडेच ढकलते. दोर हाताने धरायचा, कमरेला बांधायचा नाही. पाठपिशवीचा कमरपट्टाही सोडून ठेवावा, पडल्यास ती झटकन टाकता येते.

सामानाचे थोडक्यात. जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटतात. कोरे बूटही नकोत. पिशवीवरच्या आवरणावर विसंबू नये, कोरडे कपडे आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत. पावसात तहान लागत नाही म्हणून कोणी पाणी पीत नाही आणि दुपारनंतर पोटऱ्यांत गोळे येतात. दिवसाला दोन लिटर पाणी जायलाच हवे. जळू ओढून काढू नये. नखाने तिचे तोंड कडेने सरकवले की सुटते. तिच्या लाळेने रक्त गोठत नाही, त्यामुळे जखम बराच वेळ वाहते. कापड दाबून धरावे, घाबरण्यासारखे काही नसते.

सगळ्यात कळकळीची विनंती बांधांविषयी आहे. मोहिमेचे दिवस आणि भाताच्या रोपलावणीचे दिवस एकच. चिखलणी करून, पाणी साठवून लावलेल्या खाचराचा बांध हातभर रुंदीचा, ओल्या मातीचा असतो. दहा-वीस माणसे तो सोसतो. दोनशे जण लागोपाठ गेले की मधोमध खचतो, पाणी खालच्या खाचरात उतरते आणि नुकती लावलेली रोपे सोबत नेते. शेतकरी मोहिमेला आडवा येत नाही, संध्याकाळी गुपचूप खोरे घेऊन बांध घालत बसतो. संयोजकांनी महिनाभर आधी वाडीत जाऊन कुठल्या बांधावरून जायचे हे त्या शेतकऱ्यालाच विचारावे, पिछाडीच्या एका तरी माणसाकडे खोरे द्यावे आणि खचलेला बांध तिथल्या तिथे घालूनच तुकडी पुढे काढावी.

– एक पदभ्रमण संयोजक, कोल्हापूर