दादा, आधी संडास बघ

लीड्स, रविवार

प्रिय दादा,
नमस्कार.

यात्रेला गावी जाशील तेव्हा आत्याला ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारू नकोस. ‘बरी हाय’ एवढंच ऐकायला मिळेल. दिवसातून किती वेळा लघवीला जाते, हे वहिनीला विचारायला सांग. ‘दोन-तीनदा’ म्हणाली तर समज, ती मुद्दाम पाणी कमी पितेय.

खेड्यातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांचं हेच असतं. संडास परसात, रात्री अंधार, एकदा खाली बसलं की गुडघे उठू देत नाहीत. मग दुपारनंतर पाणीच बंद. उतारवयात तहानही कमी लागते, त्यामुळे तिलाही ते जाणवत नाही. पुढे लघवीला जळजळ, पोट साफ न होणं, उठताना चक्कर, आणि त्या चकरेत पडली की खुब्याचं हाड. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, म्हणून त्या गोळ्याही उशाखाली जातात. डॉक्टरला वाटतं औषध लागू पडत नाही. तो डोस वाढवतो. म्हणून तांब्यात किती पाणी मावतं ते मोज. दिवसभरात दीड लिटर पोटात जायला हवं, त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरकडूनच घे.

आमच्या सिन्नरकडे टँकरची वाट बघणारी म्हातारी स्वतःच्या तोंडचंही पाणी वाचवते. तिकडे पेठ-सुरगाण्यात पावसाळाभर धो-धो, आणि एप्रिलात हंडा घेऊन दरीत उतरायचं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे मणक्यावर पंधरा किलो. आत्याला हंडा उचलू देऊ नका. पाच लिटरचा कॅन आणून द्या.

आता संडास. भोक असलेली कमोडची खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते, ती भांड्यावर ठेवता येते. चारही पायांना रबरी बूच हवेत. उंची तिच्या गुडघ्याएवढी. आत्या बुटकी आहे, चाळीस सेंटीमीटर पुरेत. जास्त उंच घेतली तर पाय लोंबकळतात आणि उठताना खुर्चीच पुढे कलंडते.

धरायच्या दांड्यात सगळे चुकतात. गवंडी प्लास्टिकची गुट्टी मारून स्क्रू पिळतो. विटेच्या भिंतीत ती हळूहळू हलते आणि नेमकी जोर दिल्यावर निघते. बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावून आवळायचा. पत्र्याचा संडास असेल तर पत्र्याला काहीच लावू नका. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप दीड फूट खड्ड्यात काँक्रीटने उभा करा. मुठीत बसेल असा, सव्वा इंचाचा. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं आणि कडी बाहेरूनही काढता यायला हवी, नाहीतर आत्या आत दाराला टेकून पडली तर दारच उघडत नाही. फरशी खरखरीत हवी. चकचकीत टाइल्स पाहुण्यांसाठी असतात. वाटेवर रात्रभर छोटा बल्ब राहू दे.

पैशाचं. शेजारच्या काकूंना पासष्ट पूर्ण झाली असतील तर ‘लाडकी बहीण’ थांबेल, आणि श्रावणबाळ ही म्हातारपणाची पेन्शन आपोआप सुरू होत नाही. त्याचा अर्ज तहसीलमध्ये वेगळा करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला वर्षाला 21,000 च्या आतला लागतो, रक्कम महिना 1,500 रुपये. खरी गोची वयाची आहे. कित्येकींच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आणि साल अंदाजाने टाकलेलं असतं. वय कमी पडलं तर आधी ते दुरुस्त करा, मग अर्ज.

पैसे आले नाहीत म्हणून तलाठ्याशी भांडू नका. ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलंय, त्यातच ते जातात, आणि ते कधीतरी शिबिरात उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं असू शकतं. बँकेत ‘आधार कुठल्या खात्याला लागलंय’ एवढंच विचारा. राखेने भांडी घासून आणि निंदणी करून बोटांच्या रेषा झिजतात, मग पैसे काढताना मशीनवर अंगठा उठत नाही. हात धुऊन पुसून दुसरं बोट लावून बघायचं, नाहीतर डोळ्याने किंवा चेहऱ्याने पडताळणी मागायची. पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन मशीन घेऊन घरीही येतो. पण ‘उठला नाही, परत लावा’ असं कुणी म्हटलं की पहिल्या वेळची पावती मागा. मगच दुसऱ्यांदा अंगठा. फसवणूक तिथेच होते: पहिल्यांदाच पैसे निघालेले असतात.

आणखी एक, वहिनीनेच विचारायचं: खालून अंग (गर्भाशय) बाहेर येतं का? बायका हे वर्षानुवर्षं लुगड्याआड लपवतात. प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. बसवायची रिंग मिळते, ती दर काही महिन्यांनी तपासून धुवावी किंवा बदलावी लागते.

पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, तेव्हा नाशिकला सिव्हिलमध्ये डोळे दाखवायला भाड्याची सबब चालणार नाही. पण आत्याला एकटीला बसमध्ये बसवून देऊ नकोस. मोतीबिंदू असलेल्या बाईला पायरी दिसत नाही.

पाइप आणायला जाशील तेव्हा आधी आत्याची मूठ सुतळीने मापून घे.

आईला साष्टांग नमस्कार.

तुझी,
छोटी