फेरिटिन नंतर, आधी विषाणू

प्रिय आई-बाबा,

बाबांच्या रिपोर्टचे फोटो मिळाले. फेरिटिन ६४०, त्याभोवती लाल पेनाने केलेला गोल आणि खाली आईच्या अक्षरात प्रश्न: "हे लोह कमी कसं करायचं?" उत्तर देते, पण आधी एक गोष्ट दोघांनीही मनात पक्की करा. लोह कमी करणं हे आपलं पहिलं काम नाही. पहिलं काम हिपॅटायटिस सीचा विषाणू घालवणं. तो गेला की फेरिटिन बहुतेकांचं हळूहळू खाली येतं. उलट क्रमाने, म्हणजे आधी रक्त काढून लोह उतरवायला गेलो तर बाबांना विनाकारण अशक्तपणा येईल आणि विषाणू होता तिथेच राहील.

आई, तू ज्या आकड्याला घाबरलीस तो लोहाचा आकडाच नाही. फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. त्याचा मोठा साठा यकृताच्या पेशींत असतो. पेशी दुखावल्या, फुटल्या की ते रक्तात सांडतं. शरीरात कुठेही सूज असली तरीही ते वाढतं, साध्या तापातसुद्धा. बाबांचं एएलटी (पेशी दुखावल्या की यकृतातून रक्तात येणारं एन्झाइम) ९२ आहे, म्हणजे यकृतात जळजळ चालू आहेच. अशा वेळी पुरुषांसाठी ३०० ची मर्यादा ओलांडून फेरिटिन ६०० वर जाणं हे हिपॅटायटिस सीमध्ये अनेकदा दिसतं.

खरं काय चाललंय ते दुसऱ्या पानावर आहे, तिथे तुम्ही गोल केलेला नाही. सीरम आयर्न, म्हणजे रक्तात फिरणारं लोह, ११८. टीआयबीसी, म्हणजे रक्ताची लोह वाहून नेण्याची एकूण क्षमता, ३१०. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा: ३८ टक्के. हे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या किती भरल्या आहेत, ते हा आकडा सांगतो. ४५ टक्क्यांच्या वर गेला की शरीरात लोह खरंच जादा झाल्याची शंका घ्यायची. ३८ ला गाड्यांत अजून जागा आहे. म्हणजे बाबांचं फेरिटिन बरंचसं जळजळीमुळे वर गेलंय, लोहाचा डोंगर साचल्यामुळे नाही. फेरिटिन हजाराच्या पुढे असतं किंवा सॅच्युरेशन ४५ च्या वर असतं, तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं.

ही तपासणी पुन्हा कराल तेव्हा सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, कारण सीरम आयर्न दिवसभरात बरंच खालीवर होतं. आदल्या दिवशी लोह असलेली कोणतीही गोळी नको. सर्दी-ताप असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आणि दर वेळी लॅब एकच ठेवा, नाहीतर आकडा खरंच बदलला की फक्त लॅब बदलल्याने तसा दिसतोय, तेच कळत नाही.

आता बाबांचा फोनवरचा प्रश्न: लोह जादा नाही, तर डॉक्टर त्याची चौकशी करतात तरी कशाला? कारण हा विषाणू यकृतात थोडंफार लोह खरोखर साचवतो. आपल्या शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच पेशी झडण्यातून जातं. जादा लोह बाहेर टाकायला लघवीसारखी वाट नाही. सगळा ताबा आत घेण्याच्या दारावर आहे, आणि ते दार हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाच्या हाती. हेप्सिडिन यकृतच बनवतं. हिपॅटायटिस सीचा विषाणू ते कमी करतो, दार किलकिलं राहतं आणि आतडं गरजेपेक्षा जास्त लोह शोषून घेतं. दारूही नेमकं हेच करते. म्हणून बाबा, "आठवड्यातून एकदा" हेसुद्धा आता नको. इथे मी अजिबात सवलत देणार नाही.

यकृतात साचलेलं मोकळं लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडतं आणि त्यातून अतिशय तिखट असे मुक्त कण तयार होतात. ते पेशींची आवरणं आणि डीएनए जाळतात. त्या धगीने यकृतातल्या तारकापेशी जाग्या होतात आणि व्रणासारखे तंतू विणू लागतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. बाबांचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, ९.२ किलोपास्कल आला आहे. साधारण १२.५ च्या पुढे सिरोसिस (यकृत व्रणांनी पार निबर होणं) धरतात, तिथे आपण नाही. एएलटी वाढलेलं असताना हा आकडाही थोडा फुगून येतो. तरी यकृत निबर होऊ लागलंय हे खरं, म्हणून उपचार लांबवायचे नाहीत.

रक्त काढून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिला आहे. तो चुकीच्या हेतूने दिलेला नाही, फक्त जुना आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यानंतर कित्येक वर्षं इंटरफेरॉनची इंजेक्शनं हाच मुख्य उपाय होता, आणि त्याने अनेक जण बरे होत नसत. मग निदान जळजळ तरी कमी राहावी म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त काढून लोह उतरवत. जपानमध्ये ही पद्धत बरीच वापरली गेली. एएलटी खाली यायचं, पण विषाणू जागचा हलत नसे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोस्बुव्हिर या विषाणूवरच्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्रच पालटलं. आता शंभरातले पंचाण्णव किंवा जास्त रुग्ण दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. मूळच उपटता येत असताना फांद्या छाटत बसण्यात अर्थ नाही.

रक्त काढणं आजही दोन ठिकाणी योग्य ठरतं. एक, हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार सोबत असेल तर. सॅच्युरेशन सतत ४५ च्या वर राहिलं की एचएफई जनुकाची तपासणी करतात, आणि सी२८२वाय हा बदल आई-वडील दोघांकडून आलेला निघाला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यायचं. दुसरं, पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा. यात उन्हात राहिलेल्या हातांच्या पाठीवर फोड येतात, कातडी नाजूक होऊन सोलते, लघवी गडद होते. हिपॅटायटिस सीशी या आजाराचं जवळचं नातं आहे. बाबा, हातांवर असं कधी काही दिसलं तर मलम लावून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि तशी वेळ आलीच तर हे लक्षात असू द्या. एका वेळी ४५०-५०० मिलिलिटर रक्त काढलं की साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. बाबांच्या वयाला एवढं एकदम झेपेलच असं नाही, २५०-३०० मिलिलिटर काढून मधलं अंतर वाढवता येतं. दर वेळी आधी हिमोग्लोबिन बघायचं, ११ च्या खाली असेल तर त्या दिवशी काढायचं नाही. आधी आणि नंतर दोन-दोन पेले पाणी, आणि उठताना घाई नको. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. चक्कर येऊन पडण्याचे प्रकार बहुतेक इथेच होतात.

आता मुख्य गोष्ट, गोळ्या. बाबांना सोफोस्बुव्हिर ४०० आणि वेल्पाटास्विर १०० मिलिग्रॅमची एकत्र गोळी १२ आठवडे द्यायचं ठरतंय. रोज एक, ठरलेल्या वेळी. आई, इथे तुझं लक्ष हवं, कारण बाबा रोज सकाळी पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी घेतात. वेल्पाटास्विर विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताच्या गोळीने ते आम्ल कमी झालं तर औषध पुरेसं शोषलंच जात नाही आणि सगळा कोर्स वाया जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा आणि ती बंद करता येईल का ते विचारा. छातीतल्या जळजळीवरचं पातळ औषध घ्यावंच लागलं तर ते आणि विषाणूची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अॅमिओडॅरोन कोणी सुरू केलं असेल तर तेही आधीच सांगायला हवं, सोफोस्बुव्हिरबरोबर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. कोर्स सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी दबला की लपलेला बी उसळू शकतो. साखरही घरी नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा. विषाणू हटू लागला की साखर उतरते, आणि मधुमेहाचा जुना डोस जड पडू शकतो.

सोबत रिबाव्हिरिन हे विषाणूवरचं आणखी एक औषध दिलं तर मात्र फेरिटिन मध्येच वाढलं म्हणून घाबरू नका. त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन उतरतं आणि लोह मोकळं होतं. तेवढ्या काळात लोहाच्या तपासण्यांना फारसा अर्थ नसतो.

घरातल्या बाटल्यांकडेही बघा. कपाटातल्या टॉनिकच्या लेबलवर फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट किंवा फेरस अॅस्कॉर्बेट यांपैकी काही असेल तर त्यात लोह आहे. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत शुद्ध लोह ६५ मिलिग्रॅम असतं, लेबलवरचा मोठा आकडा क्षाराचा असतो. अशक्तपणा वाटला म्हणून हे आपल्या मनाने घेऊ नका. हिपॅटायटिस सीमध्ये थकवा विषाणूमुळेही येतो. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही नकोत, त्या लोहाचं शोषण वाढवतात. फळं मात्र बिनधास्त खा. मल्टिव्हिटॅमिन हवंच असेल तर बिनलोहाचं निवडा.

जेवणात फार काटछाट नको. लाल मांस आणि प्राण्याचं काळीज कमी करा, आंबट पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवू नका, जेवणाबरोबर चहा-कॉफी चालेल कारण त्याने लोह कमी शोषलं जातं. पण डाळी, अंडी, दूध बंद करू नका. आजारी यकृताला प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात, आणि ते नुकसान थोड्याशा लोहापेक्षा मोठं आहे. फक्त कच्चे शिंपले आणि कच्चे मासे कायमचे वर्ज्य. त्यांत असणारा व्हिब्रिओ जंतू लोहावर पोसतो आणि यकृताच्या रुग्णांमध्ये त्याने जीव जाऊ शकतो.

उलट बाजूही सांगते. कधी हिमोग्लोबिन अचानक उतरलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर "बरं झालं, लोह कमी झालं" असं समजू नका. तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आई, तुझीही एकदा तपासणी करून घे. एकत्र जेवण्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही, रक्तातून पसरतो. म्हणून रेझर, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं यंत्र आणि साखर बघायची सुई प्रत्येकाची वेगळी ठेवा.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याची, तपासणी होईल. तेव्हा काही सापडलं नाही म्हणजे बाबा बरे. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन, त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहील, ती बहुधा आयुष्यभर तशीच राहते, तिच्यावरून घाबरू नका. त्याच रक्तात फेरिटिन आणि सॅच्युरेशन पुन्हा करून घ्या. फेरिटिन तरीही चढंच राहिलं तर कारण विषाणूपलीकडे शोधावं लागेल: यकृतातली चरबी, साखर, दारू. लागलं तर एमआरआयवर यकृतातलं लोह सुई न टोचता मोजता येतं.

तोवर तारीख ठरली की कळवा. आणि आई, बाबा रोज घेतात त्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा एक फोटो आजच पाठव, पित्ताच्या गोळीसकट. कोर्सआधी डॉक्टरांना दाखवायची यादी मी त्यावरून करून देते.

तुमची,
लेक