दाढेतली पांढरी रेघ

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या एक्स-रेमध्ये अवचित सापडणाऱ्या वस्तूंवरचा आपल्या रविवार पुरवणीतला मजकूर वाचला. कोलोरॅडोतल्या त्या बांधकाम मजुराचा किस्सा तर घरात सगळ्यांना वाचून दाखवला. २००५ च्या जानेवारीत खिळे मारायच्या यंत्रातून उडालेला ४ इंची खिळा टाळूतून थेट मेंदूत घुसलेला, आणि हा गडी दात दुखतोय म्हणून सहा दिवस गोळ्या आणि आइस्क्रीमवर काढतोय! बायको कामाला होती त्याच दवाखान्यात फिल्म काढली, तेव्हा खिळा दिसला. पण या गमतीजमतीत आपल्याकडे नेहमी सापडणाऱ्या वस्तू राहूनच गेल्या, म्हणून हे पत्र.

मी सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दाढ किडलेलं पोर वर्गात काय करतं ते मला विचारा. पेन्सिलीचं टोक, टाचणी, स्टेपलरची पिन, कर्कटक, जे हाताला लागेल ते खड्ड्यात. अडकलेलं निघालं की घटकाभर बरं वाटतं, मग तो चाळाच लागतो. एखाद्या दिवशी टोक आत मोडतं. घरी मार बसेल म्हणून पोर गप्प. पुढे गाल सुजला की दवाखाना, फिल्म आणि आईचा कपाळावर हात. मोठ्यांनीही फार हसू नये. जेवण झालं की बांगडीतली सेफ्टी पिन काढून दात कोरणाऱ्या बायका आमच्या पिढीत घरोघरी होत्या. त्यात मीही आले.

मलेशिया-इंडोनेशियात ‘सुसुक’ नावाचा प्रकार आहे. रूप टिकावं, नशीब उघडावं म्हणून मांत्रिकाकडून गाला-हनुवटीत कातडीखाली सोन्याच्या बारीक सुया घालून घेतात. वरून काही कळत नाही. जबड्याच्या फिल्मवर मात्र त्या लख्ख दिसतात आणि विचारलं तर माणूस कानावर हात ठेवतो. असो, त्या सुया ज्याने त्याने हौसेने घालून घेतलेल्या.

माझ्या तोंडात निघाली ती वस्तू माझी नव्हती. कवळीचा विषय निघाला म्हणून गेल्या वर्षी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्र एक्स-रे, काढला, तर खालच्या उजव्या दाढेच्या मुळात सुईसारखी पांढरी रेघ. मला वाटलं, कानातली कुडी काढायची राहिली असेल. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘नाही हो बाई, कुडीची सावली पलीकडच्या बाजूला, वर सरकून, मोठी आणि धूसर पडते. ही फाइल आहे.’’ फाइल म्हणजे रूट कॅनॉल करताना मुळाची नळी साफ करायची बारीक सळई. त्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं मी त्या तुकड्यावर भाकरी चावत होते.

फाइल मोडली याबद्दल माझी तक्रार नाही. नळी वाकडी असली तर फिरताना ताण येऊन ती चांगल्या हातातही मोडते, असं याच डॉक्टरांनी समजावलं. त्याआधी नळी नीट साफ झाली असेल तर तुकडा तसाच ठेवून लक्ष ठेवलेलं बरं; उकरायला गेलं तर मूळच कमकुवत व्हायचं. हे सगळं मला पटलं. पटत नाही ते एवढंच, की त्या वेळच्या दवाखान्यात शेवटची फिल्म काढली होती, ती प्रकाशाला धरून पाहिली होती, आणि मला म्हणाले, ‘‘छान झालंय, आता कॅप बसवू.’’ फिल्म मागितली तर ‘‘तुम्हाला काय कळणार त्यातलं?’’

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपल्या नोंदी आणि अहवाल मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. दाताच्या दवाखान्यात तो मागायचं आपल्या मनातही येत नाही. छातीचा एक्स-रे आपण पिशवीत घालून घरी आणतो, दाताची इवलीशी फिल्म मात्र तिथेच राहते. आता तर ती मोबाइलवर पाठवायची सोय आहे.

नव्या डॉक्टरांनी माझ्या कार्डावर ‘खालची उजवी दाढ, फाइलचा तुकडा, दर वर्षी फिल्म’ असं साध्या निळ्या पेनाने लिहून दिलं. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा