आई घाबरली ती एका ‘चार्ज’मुळं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलो होतो, काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आजी, तुमच्यावर चार्ज पडलाय’, झालं, आईचं तोंडच उतरलं, कारण आमच्या घरात हा शब्द एकदाच आलेला, काकांच्या बांधाच्या भांडणात पोलिसांनी चार्जशीट घातली तेव्हा. कापलेले होते एटीएम कार्डाचे वर्षाचे पैसे. पण वडगावला घरी येईपर्यंत रिक्षात तिनं मला तीनदा विचारलं, ‘कोर्टात जायला लागत नाही न्हवं?’

तिची चूक काय हो? मोबाईल चार्ज, लाठीचार्ज, साहेबांनी चार्ज घेतला, गाडीभाड्याचा चार्ज वेगळा, सगळीकडं एकच शब्द. मुळात लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी, त्यावरनं गाडीत माल लादणे, आणि तिथनं फ्रेंचमधून इंग्रजीत चार्ज आला, म्हणजे सगळ्याच्या पोटात ओझंच आहे, बंदुकीत ठासलेली दारू असो, अंगावर पडलेलं काम असो नाहीतर माथी आलेला आरोप. आणि गंमत बघा, सोसायटीचं कर्ज काढलं की जमिनीवर जो चार्ज बसतो त्याला आमचे शेतकरी काय म्हणतात? उताऱ्यावर बोजा चढला! लॅटिन न शिकता किती नेमका शब्द. शाळेच्या पुस्तकात पण विद्युतप्रभार, ऑफिसात कार्यभार, तिथंही भारच.

मग एवढे शब्द असताना आपल्या पेपरात एकाच पानावर ‘नव्या अधिकाऱ्यांनी चार्ज घेतला’ आणि खाली ‘पार्किंग चार्ज वाढला’ कशाला? पदभार घेतला म्हणा, शुल्क वाढलं म्हणा, लाठीचार्जला लाठीमार आहेच. कन्नड शाळेत गेलेल्या पोरांना कळणार नाही असं कुणी म्हणेल, पण शुल्क आणि आरोप हे शब्द कन्नडमध्ये पण तेच आहेत की, चार्जशीटला ते आरोपपट्टी म्हणतात आणि आपण आरोपपत्र, शेजारीच आहेत दोन्ही.

मोबाईलचं चार्जिंग तेवढं राहू दे, ते आईला पण कळतं. पैशाच्या आणि कोर्टाच्या बातमीत मात्र चार्ज नको, ती रोज सकाळी पेपर अक्षर अन् अक्षर वाचते.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव