पी.एस.ए.चा आकडा आणि तुझी काळजी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "कॅन्सर आहे म्हणतात आणि ऑपरेशन करत नाहीत, हे कसले डॉक्टर?" तुझा जीव माझ्यासाठी तुटतो हे मी जाणतो. पण तुझी आई शेजारी बसली होती आणि तिच्यासमोर माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरची चर्चा करणे मला अवघड गेले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पी.एस.ए. हे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन असून प्रत्येक पुरुषाच्या रक्तात ते थोड्या प्रमाणात असतेच. कॅन्सरमुळे ते वाढते. परंतु वयोमानाने ग्रंथी मोठी झाली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नुकताच कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेला असला, तरीही ते वाढते. त्यामुळे माझा आकडा ६.८ आला आणि त्याच्यापुढच्या रकान्यात ० ते ४ असे छापलेले पाहून तुझी आई रात्रभर झोपली नाही, तरी युरॉलॉजिस्टांनी, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांनी, कोणतीही घाई केली नाही. त्यांनी आधी लघवीची तपासणी करून घेतली आणि दीड महिन्यानंतर त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला सांगितले. आकडा ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या चार पुरुषांपैकी साधारण एकालाच कॅन्सर निघतो, असे त्यांनी समजावून सांगितले. उलट ४ च्या आत असणे म्हणजे पूर्ण निर्धास्त असणे असेही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के जणांच्या बायॉप्सीत, म्हणजे ग्रंथीचे छोटे तुकडे काढून केलेल्या तपासणीत, कॅन्सर आढळला होता.

दुसऱ्यांदाही आकडा फारसा उतरला नाही, तेव्हा आधी एमआरआय आणि मग बायॉप्सी झाली. ग्रंथीतून काढलेल्या बारा तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर निघाला आणि त्याचा ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा आकडा, ३ अधिक ३, म्हणजे ६ आहे. हा सर्वांत मंद गतीचा प्रकार होय. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात काही रुग्णांवर शस्त्रक्रिया, काहींवर रेडिएशन आणि काहींवर केवळ देखरेख, असे तीन गट केले होते. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले रुग्ण जवळपास सारखेच, म्हणजे शंभरात तीनच्या आसपास होते. देखरेखीच्या गटात आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होते, हेही तुझ्यापासून लपवत नाही. म्हणूनच दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि ठरावीक काळाने एमआरआय व पुन्हा बायॉप्सी हे मी काटेकोरपणे पाळणार आहे. आजार सरकू लागल्याचे दिसले तर मी उपचार टाळणार नाही. परंतु आजच ऑपरेशन करून लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका एकाहत्तराव्या वर्षी पत्करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. माझ्या अंगावरचा हा निर्णय माझा आहे आणि तो मी पूर्ण विचारांती घेतला आहे.

आता तुझ्याविषयी, कारण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. वडिलांना हा कॅन्सर असेल तर मुलाचा धोका सुमारे दुप्पट होतो. तू शेहेचाळिशीत आहेस आणि कुटुंबात हा आजार असणाऱ्यांनी पंचेचाळिशीच्या सुमारास पहिली तपासणी करावी असे युरॉलॉजिस्ट सांगतात. मात्र कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये तीस चाचण्यांबरोबर ही एक उरकून टाकू नकोस. युरोपात हजारो पुरुषांवर तेवीस वर्षे चाललेल्या अभ्यासात, तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागले आणि ज्यांना आयुष्यात कधीच त्रास झाला नसता अशा अनेकांनाही कॅन्सरचे निदान झाले. फायदा खरा आहे आणि मनस्तापही खरा आहे. म्हणून आकडा जास्त आला तर पुढे एमआरआय आणि बायॉप्सीपर्यंत जाण्याची आपली तयारी आहे का, हे सूनबाईंशी बोलून रक्त देण्याआधीच ठरव.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांग. केस गळू नयेत म्हणून तू जी गोळी घेतोस तिच्यात फिनास्टेराइड असेल, तर तिच्यामुळे पी.एस.ए. जवळपास निम्म्यावर येतो आणि खरा आकडा झाकला जातो. शिवाय रविवारी तू लांबवर सायकल चालवतोस. रक्त देण्यापूर्वीचे दोन दिवस सायकल आणि पतीपत्नीसंबंध दोन्ही टाळावेत, असे मला सांगण्यात आले आहे. बापाने मुलाला हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण न लिहिणे अधिक वाईट.

रिपोर्ट आला की नुसता आकडा फोनवर सांगू नकोस, संपूर्ण कागदाचा फोटो पाठव. लॅबचे नाव आणि तारीख त्यावर असते आणि पुढच्या वेळी तुलना करायला दोन्ही लागतात.

तुझा,
बाबा