जाहीर आभार : आपलं सर्च कन्सोल उघडून दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोरच्याच्या, म्हणजे स्पर्धकाच्या, वेबसाइटवर महिन्याला किती लोक येतात, याचा रंगीत आलेख काढून बिल लावणारे आम्हा रोपवाटिकावाल्यांना आधीही भेटले. आकडा आला कुठून, असं विचारलं की म्हणायचे, ‘सिस्टिम दाखवते.’ तुम्ही मात्र आधी स्वतःच्या वेबसाइटचं सर्च कन्सोल, म्हणजे गूगलमधून खरे किती क्लिक आले ते दाखवणारं गूगलचंच खातं, सगळ्यांसमोर उघडलंत आणि शेजारच्या खिडकीत त्याच वेबसाइटचा अहरेफ्स या साधनाने बांधलेला अंदाज लावलात. केवढी तफावत! तरी एकही आकडा झाकला नाहीत. आपला गल्ला असा कोण उघडून दाखवतं, ताई? गोड बोलणारे पुष्कळ असतात. कुठे भरवसा ठेवू नका हे आधी सांगणारे थोडे.

पुढचं मग आपोआप उलगडलं. सिमिलरवेब हे दुसरं साधन ब्राउझर एक्स्टेन्शन वगैरेंतून नमुना घेऊन एकूण भेटींचा अंदाज बांधतं. गर्दीच्या वेबसाइटला ते चालतं, लहान वेबसाइटला बऱ्याचदा ‘माहिती अपुरी’. अहरेफ्स माणसं मोजतच नाही. कुठल्या शब्दाला वेबसाइट कितवी येते आणि तो शब्द किती शोधला जातो, यावरून गूगलमधून येणारे क्लिक धरतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून आलेला शेतकरी त्यात नाहीच. शिवाय ‘केळी रोपे’ कोणी देवनागरीत लिहितं, कोणी इंग्रजी अक्षरांत. असे बरेच शब्द त्यांच्या यादीतच नसतात. त्यात शोधाचा आकडा बारा महिन्यांची सरासरी, म्हणजे मृगबागेआधीची, जूनच्या केळी लागवडीआधीची, झुंबड त्यात सपाट होते.

तुमची रीत आता आम्ही सगळेच वापरतो. अहरेफ्सचा अंदाज सर्च कन्सोलच्या क्लिकशी, सिमिलरवेबच्या भेटी ॲनालिटिक्सच्या (आपल्या वेबसाइटवरच्या सगळ्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनाच्या) सेशनशी, म्हणजे भेटींशी ताडायच्या, सरमिसळ नाही. आपले खरे क्लिक 1,000 आणि अंदाज 400 असेल, तर समोरच्याचा अंदाज 800 म्हणजे तो आपल्या साधारण दुप्पट, एवढंच म्हणायचं. तेही एकच साधन, एकच महिना आणि फक्त भारत धरून. यंदाचा जून गेल्या जूनशी ताडायचा, मार्चशी नाही. स्वतःची वेबसाइट तपासायला अहरेफ्सचं वेबमास्टर खातं फुकट मिळतं, हेही आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बिल कशाचं लावलं असतं!

आपले,
रावेर-यावल पट्ट्यातले केळी रोपवाटिकावाले

ता. क. : तुम्ही मागितलेला जुना अहवाल सापडला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘अलेक्सा रँक’. वेबसाइटना गर्दीनुसार क्रमांक देणारी ती सेवा 1 मे 2022 ला बंद झाली. अहवाल त्यानंतरचा आहे.